दादासाहेब "चालती हो" म्हणालेच नाहीत

मला सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या विकतो मी, गिऱ्हाईक दारात चपला काढतं तेवढ्यात त्याच्या मनात काय आहे ते ओळखतो, आणि सख्ख्या पोरीनं मला पत्ता लागू दिला नाही... तुम्हाला सांगतो, बाप होण्यात काही राम नाही.

आमच्या गावी देवळाच्या उत्सवात दरवर्षी एकच जुनं नाटक होतं आणि त्यातले दादासाहेब म्हणजे मी. माणूस कसा, तर मुलानं काय शिकायचं ते हे ठरवणार, बायकोनं माहेरी कधी जायचं ते हे ठरवणार, सुनेनं भातात पाणी किती घालायचं तेही हेच, आणि मुलीला जरा ताप आला की उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवणार, वर तिला कळू द्यायचं नाही. आमची मालिनी म्हणते, "अहो, पाठांतर कशाला करता? घरात बोलता तेच तिथे बोला."

तर आमच्या ऋजुताला नोकरी लागली कोचीला, माशांवर संशोधन. मी म्हटलं, "मासे काय हर्णेला नाहीत गो?" ती म्हणते, "आहेत ना बाबा, पण तिथे संशोधन सुरू व्हायच्या आत कालवण होतं." घ्या. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, फक्त नाटकातल्या मुलीचं काम तिला देऊन टाकलं. म्हटलं तालमीत अडकली की नोकरी काय हिची वाट बघत बसणार आहे? तिनं हसत हो म्हटलं, मी खूश. आणि उत्सवाच्या दिवशी मी मिशी चिकटवतोय तर मालिनी म्हणते, "उद्या पहाटेची गाडी आहे तिची. तिकीट कधीच काढलंय." विनीतला माहीत, प्रॉम्प्टर हरिश्चंद्राला माहीत, बाप तेवढा कोरा. काही राम नाही हो.

हा विनीत म्हणजे नाटकातला जावई. मुलीचा हात धरून तो तिला घेऊन जातो असं नाटकात लिहिलंय, पण तालमीतच मी सांगितलं होतं, हात नाही, छत्री, एक टोक तू धर, एक टोक ती. तर तिसऱ्या अंकात दोघं छत्री धरून कापडी दारात उभी, ऋजुताच्या अंगावर आईची साडी, आणि मी ओरडायचं, "चालती हो, आजपासून तू मला मेलीस." दरवर्षी म्हणतो, गाव दणाणून सोडतो. या वेळी मी नुसता त्या साडीकडे बघत उभा. आतून हरिश्चंद्र खेकसतोय, "चालती हो, चालती हो," पहिल्या रांगेतल्या दमयंतीकाकूंनाही ऐकू गेलं, त्या मला खुणा करायला लागल्या... आणि मी विचारलं, "जेवलीस?"

ऋजुता म्हणाली, "नाही."

"मग गाडीत काय खाणार?"

विनीत म्हणतो, "दादासाहेब, आम्ही निघतो."

"तू गप रे, तुला कोण विचारतंय?"

मग ती छत्री सोडून जवळ आली, हळूच म्हणाली, "बाबा, जाऊ ना?" आता दादासाहेबांना नाटकात कुणी बाबा म्हणत नाही. मी म्हटलं, "जा. पोचलीस की फोन कर."

नाटक कुठल्या काळातलं, फोन कसला त्यात? मांडव हसला. पुढच्या अंकात दादासाहेब पश्चात्तापानं मरतात, पण भांडणच झालं नाही तर मरू कशाला? शेवटी हरिश्चंद्रानं पडदा टाकला. गेली पोरगी. पोचल्याचा फोनही आला, मालिनीला.

आता बाजारात जो तो म्हणतो, ह्यांनी नाटक पाडलं. पाडलं, नाही कुठे म्हणतो मी? ते घाला माझ्या नावावर. पण ते "जा" मला कुणी पढवलेलं नव्हतं, तेवढं जमेला धरा आणि हिशोब खरा ठेवा, एवढंच मागणं आहे.