नातेवाईक क्रमांक चारशे सतरा

— वाजू द्या हो तो फोन, तुम्ही कशाला हात लावताय? तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर आहेत. सकाळपासून हा चौथा. वाजून वाजून गप्प बसेल. कंपनीनं तुम्हाला हॉस्पिटलची फाइल तपासायला पाठवलंय ना? मग फाइल तपासा. आणि ती खुर्ची डुगडुगते, जरा जपून — तुमच्या आधीचे इंजिनियरसाहेब तिच्यावरूनच आपटले. आपटले ते आपटले, वर मलाच म्हणतात, मॅडम, तुमची सिस्टिम जुनी झालीय. अरे, खुर्ची जुनी झालीय!

आणि त्यांनी तरी काय दिवे लावले? पेशंट आणि नातेवाईक जोडले ते नावावरून. नावावरून! एका नावाची तीन-तीन माणसं असतात, हे त्यांच्या गावीही नाही. मग काय व्हायचं ते झालं — एका गृहस्थांना इथून फोन गेला, अभिनंदन, मुलगी झाली. गृहस्थांचं वय बहात्तर, लग्न केलेलं नाही. बिचारे रिक्षा करून बघायला आले हो! हसताय काय? त्या बाळाचा खरा बाप घरी फोनची वाट बघत बसला होता, त्याचं काय?

तेव्हा मी बसले आणि सगळं पुन्हा केलं. अकरा महिने. एक्सएमएल मला शिकवू नका, नोंदीतल्या प्रत्येक गोष्टीला या दोन बोटांनी खुणेचा टॅग घातलाय मी. साधी गोष्ट आहे — प्रत्येक माणसाची एक नोंद, नोंदीला एक नंबर. पेशंटच्या नोंदीत नातेवाईकाचं नाव-पत्ता-फोन पुन्हा उतरवायचा नाही, नुसता एक टॅग, त्यात त्याचा नंबर. त्याचा फोन बदलला तर एकाच जागी बदला, बाकी सगळीकडून बोट तिकडंच. आणि दुसरा नियम — हा बघा, भिंतीवर लावलाय, माझंच अक्षर — नोंद कधीही पुसायची नाही. माणूस गेला, गाव सोडलं, काहीही होवो, 'बंद' म्हणून शेरा मारायचा. का? कारण तिच्याकडे कुठून कुठून बोट दाखवलेलं असतं, ते पुसणाऱ्याला कुठं दिसतं? पण सांगायचं कुणाला! जो तो नाकानं कांदे सोलतो.

काय? हां, ती चूक. एका पेशंटच्या नोंदीत नातेवाईक चारशे सतरा, आणि चारशे सतरा नंबरची नोंदच नाही. माहितेय मला. सोडून द्या ती. — सोडा म्हटलं ना! हो, तो तिसऱ्या मजल्यावरच आहे. हो, त्याच्यासाठीच फोन. दुपारी ऑपरेशन आहे, स्वतः बोलायच्या अवस्थेत नाही, सहीला माणूस हवंय आणि स्क्रीनवर नातेवाईकाच्या जागी भोपळा. मग? मी काय करू? सकाळी आलेल्या ऑपरेशनच्या यादीत त्याचं नाव वाचलं मी. वाचून यादी फाइलला लावली. काम संपलं.

बघताय काय असे? पुसली मी. मीच पुसली. चारशे सतरा म्हणजे मी. धाकटा भाऊ आहे तो माझा — झालं समाधान? दोन वर्षांपूर्वी पोटाचं दुखणं घेऊन आला, तेव्हा मीच स्वतःला त्याची नातेवाईक म्हणून घातलं. मोठी हौस! पुढच्या वर्षी आई आजारी पडली. नऊ दिवस होती इथं. रोज फोन करायचे त्याला, या टेबलावरून, याच फोनवरून. तू आहेस ना तिथं ताई, बघ की. त्याचं हेच, रोज. आणि सगळं आटोपल्यावर आला, आणि दहा माणसांत तोंड वर करून सांगतो, ताईनं मला कळवलंच नाही. मी! जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या माणसांना कळवलं, तिनं कळवलं नाही! दुसऱ्या दिवशी इथं आले, मशीन सुरू केलं आणि नोंद पुसून टाकली. म्हटलं, दाखव आता बोट कुणाकडं दाखवायचंय ते. त्याच्या वाटेला कुणी नाही म्हणजे नाही. मला काडीचाही पश्चात्ताप नाही. नाही म्हणजे नाही.

दोन? दोन चुका कशा असतील? नीट बघा, एकच असणार. चारशे सतराकडे दोन ठिकाणांहून — दुसरं कोण? अहो, नाव नको, नंबर वाचा नोंदीचा. नंबर वाचा. — बावीसशे नऊ. मारलेला शेरा काय आहे? बंद. तारीख...

तारीख नका वाचू.

ती आईची नोंद आहे. तिच्या नोंदीतही मी स्वतःलाच घातलं होतं ना. नातेवाईक, चारशे सतरा. नऊ दिवस ती माझा हात सोडत नव्हती, आणि इथं वर्षभर तिची नोंद म्हणते, हिचं कुणीच नव्हतं. माझ्या हातानं! नियम माझा, अक्षर माझं आणि — काय मूर्ख बाई आहे मी, काय मूर्ख बाई!

सरका. उठा त्या खुर्चीवरून, मी बसते. नाही, नवीन नंबर नकोय मला, चारशे सतराच. नाव, पत्ता, हा फोन. नातं... नातं पेशंटच्या बाजूनं ठरतं, ते तिथं लिहिलेलंच आहे, त्याच्या नोंदीत बहीण, आईच्या नोंदीत मुलगी. लावा तुमची तपासणी पुन्हा. — शून्य? नीट बघा. शून्य.

आला बघा पाचवा. द्या इकडं तो फोन, आणि तुम्ही बाहेर जा जरा, चहाबिहा घ्या, इथं काय तमाशा आहे? जा म्हटलं ना!

हॅलो. हो सिस्टर, मिळाला नातेवाईक. बहीण आहे. सही करायला येतेय, जिना चढतेय म्हणून सांगा त्याला — ऐकू येत नसलं तरी सांगा.