हुइयाची होंगी

हेनारे : फाटकाच्या आत येऊ नकोस. काय असेल ते तिथूनच बोल.

रोइमाता : कुत्रा आत आहे पापा, आणि मी बाहेर.

हेनारे : कुत्र्याने कधी गाडी ओढ्यात घातली नाही.

रोइमाता : भांडायला आले नाही मी. आज वर्षाच्या रीतीप्रमाणे आईच्या थडग्याच्या दगडावरची शाल उतरवणार ना? तिची मुलगी आहे मी. मला बाहेर ठेवून उतरवणार?

हेनारे : वर्षापूर्वी तिला पुरलं तेव्हाही मुलगीच होतीस. शवपेटी उघडी ठेवून तीन दिवस मराएवर, आपल्या सभाघरात, बसलो होतो आम्ही. सगळं गाव येऊन गेलं. दारात कुणाचं पाऊल वाजलं की मी मान वळवायचो.

रोइमाता : आले होते मी.

हेनारे : कुठे?

रोइमाता : मराएच्या अलीकडच्या वळणापर्यंत. बायकांचं रडणं ऐकू येत होतं. प्यायलेली होते, म्हणून परत फिरले. तशा तोंडाने आईच्या कपाळाला कपाळ लावायचं?

हेनारे : हे आजवर बोलली नाहीस.

रोइमाता : माझा आवाज ऐकला की फोन ठेवत होतात तुम्ही.

हेनारे : आणि आता?

रोइमाता : हिवाळ्यापासून थेंब नाही.

हेनारे : 'थेंब नाही.' पाठ झालंय मला. हुइयाला, तुझ्या लेकीला, गाडीच्या काचेतून ओढून काढत होतो, तेव्हाही तू काठावर बसून हेच म्हणत होतीस. थंडी पडली की पोरीचा हात अजून दुखतो.

रोइमाता : माहीत आहे मला.

हेनारे : तुला काय माहीत? शेकायला मी बसतो.

रोइमाता : आई असती तर तिने फाटक उघडलं असतं.

हेनारे : दर वेळी उघडायची. म्हणून तर गोष्ट ओढ्यापर्यंत गेली. आता ती नाही. आता फाटक माझ्याकडे आहे.

रोइमाता : मग या जवळ. घ्या वास. बघा तुम्हीच.

हेनारे : तंबाखूने माझं नाक कधीच गेलं. कळतं ते तुझ्या लेकीला.

रोइमाता : हुइयाला?

हेनारे : मराएवर म्हाताऱ्या तिचं कौतुक करतात. म्हणतात, आजकालची पोरं नाकाला नाक लावतात न लावतात तोच पळतात. ही बघा, कपाळ टेकवून समोरच्याचा श्वास कसा पुरता घेते. होंगी करावी तर हुइयाने. आजोबा म्हणून मीही फुशारत होतो. गेल्या महिन्यात तुझ्या मावशीकडून निघालो. तिचा थोरला आम्हाला सोडायला येणार होता. हिने त्याच्याशी होंगी केली आणि माझ्या कानात म्हणाली, कोरो, हा गाडी चालवू शकत नाही.

रोइमाता : देवा.

हेनारे : तिची दोनच माणसं असतात. गाडी चालवू शकणारी आणि न शकणारी. पाद्रीबुवांना तर तोंडावर म्हणाली, तुम्ही चालवू शकता, पण काच उघडी ठेवा.

रोइमाता : हसले असतील.

हेनारे : सगळेच हसले. मीपण. घरी आल्यावर नाही हसू आलं.

रोइमाता : मी तिला हे कधी शिकवलं नाही, पापा.

हेनारे : शिकवायला कशाला लागतंय? रोज गाडीत तुझ्या शेजारी बसून शाळेत जायची.

हुइया : कोरो, पावाला करपट वास येतोय. भट्टी बंद करू का? ...आई?

रोइमाता : किती उंच झालीस गं.

हेनारे : हुइया, तू घरात जा.

हुइया : नाही जाणार. आई, वाक ना. अजून. फाटकावरून.

(फाटकावरून दोघींची कपाळं टेकतात.)

हुइया : श्वास धरू नकोस.

रोइमाता : नाही धरला.

हुइया : धरलायस. मागच्या वेळीपण धरला होतास. सोड.

रोइमाता : सोडला.

हुइया : पुदिना.

हेनारे : झालं. कळलं मला.

रोइमाता : नुसती गोळी आहे, पापा. त्या वळणावर आले आणि परत फिरावंसं वाटलं. तोंडात टाकली, सवयीने. आज तरी खायला नको होती.

हेनारे : तेव्हाही गोळ्याच असायच्या. खिसे भरून.

हुइया : पुदिन्याच्या मागचं मला कळत नाही. आई, तू चूळ भर. मी थांबते.

रोइमाता : कुठे भरू?

हुइया : कोरो, नळ आत आहे.

हेनारे : ऐकलं मी.

हुइया : मग?

हेनारे : ...कडी बदललीय. आधी उचल, मग ढकल.

रोइमाता : केवढं गार आहे पाणी.

हुइया : अजून एकदा. घशात गुळगुळ कर. हां. आता ये.

रोइमाता : नाही धरत श्वास. घे.

हेनारे : काय गं? बोल ना.

हुइया : थांब ना कोरो, घाई करू नकोस. ...आई, तुझं कपाळ ओलं आहे.

रोइमाता : घाबरलेय मी.

हुइया : मीपण.

हेनारे : हुइया.

हुइया : आई गाडी चालवू शकते.

हेनारे : नक्की?

हुइया : नक्की. पुदिना थोडा आहे अजून, पण मागे काही नाही.

हेनारे : शालीला दोन टोकं आहेत. एक हुइया धरणार. दुसरं तुझ्या मावशीला सांगितलं होतं. तिच्या शिव्या मी खाईन.

रोइमाता : पापा...

हेनारे : आजच्यापुरतं. हुइयाला परत न्यायचं वगैरे आज तोंडातून काढू नकोस. आणि जा, पाव बघ आधी. तुझ्या आईच्या दिवशी कोळसा वाढायचा का लोकांना?

रोइमाता : हुइया, तिथवर माझ्या गाडीत येतेस?

हुइया : नको. मी कोरोच्या गाडीत बसते.

रोइमाता : बरं. बस. मी मागून येते.

हुइया : मागून नको. तू पुढे चालव. मला दिसली पाहिजेस.