पडायची पाळी

— नाही, कात्री लावणार नाही मी याला. पिशवीतून काढ, परत कोंब, माझ्या मशीनवर टाक, काय वाटेल ते कर. उशीचे अभ्रे शिव म्हणे! अगं, ज्युदोचा ड्रेस आहे तो, हात लावून बघ, सतरंजीसारखं कापड — याच्या अभ्र्यावर डोकं ठेवलंस तर सकाळी गालावर दाण्यादाण्याचे ठसे घेऊन उठशील, आणि नवरा तुला गोवर आला म्हणून डॉक्टरकडे नेईल. माझ्या सुया मोडतील त्या वेगळ्याच. आणि रविवारी परीक्षा आहे आपली, पिवळ्या पट्ट्याची, जोडीनं द्यायची — आधी एकीनं पाडायचं, मग दुसरीनं. तू आज ड्रेस कापायला आणलास, मग रविवारी मी कोणाला धरू? या शिलाई मशीनला?

बस. बस म्हणते ना. मला गिऱ्हाइकासारखं वागवू नकोस, सहा महिने एका गादीवर लोळलोय आपण.

कंटाळा आला म्हणतेस. बरं. मला येत नाही? मन लागत नाही म्हणे — मनाला विचारतं कोण गं? माझी शाळा चौथीपर्यंत, तू दवाखान्याच्या काउंटरवर बसून दिवसभर इंग्रजी बोलतेस, पण एवढं मलाही कळतं, की मनाला विचारत बसलं तर ते घरीच बसवणार. माझं मन रोज संध्याकाळी कुरकुरतं — आज पाय दुखतात, आज गिऱ्हाईक येईल, आज आभाळ भरलंय. मी म्हणते, बरं बाबा, तू बस घरी, मी जाऊन येते. आणि दुपारीच ड्रेस चढवून टाकते, गाऊनच्या आत. उकडतं, घाम निथळतो, येणारे-जाणारे विचारतात, बाई, तब्येत सुधारली वाटतं — विचारू देत. एकदा अंगात चढला की काढायचाही आळस येतो, मग जावंच लागतं. आळसाला आळसानंच मारायचं, दुसरं औषध नाही.

आणि अंगात भिनतं गं सगळं. सांगितलं का तुला त्या वकीलसाहेबांचं? कोट शिवायला आले होते, चांगले गरगरीत. मी माप घ्यायला पुढे झाले, डाव्या हातानं बाही धरली, उजव्या हातानं कॉलर धरली — आणि एकदा का बाही आणि कॉलर हातात आली, की माझा पाय कोणाचं ऐकतो? गेला की आपोआप त्यांच्या पायामागे! धप्पकन अस्तराच्या गठ्ठ्यावर! झोपल्या झोपल्या माझ्याकडे बघतायत, आणि मी सवयीनं वाकून नमस्कार करतेय. दुसऱ्या कोटाचं माप त्यांनी बायकोकडून घेऊन पाठवलं. हास, हास. आमचे हे तर आता माझ्यासमोर कॉलरचा शर्टच घालत नाहीत.

हसलीस ना? मग सोडतेस कशाला?

गुडघे म्हणू नकोस, गुडघे तुझे माझ्यापेक्षा धड आहेत. सासूबाई काही बोलल्या? त्या तर तुला दारापर्यंत पोचवायला येतात, तेवढाच तासभर टीव्ही त्यांच्या हातात. पोरींच्या क्लासमध्ये आपण दोघीच जाड्या, याची लाज वाटते? पोरी हसतात, हसू देत, त्यांच्या हसण्यानं आपलं काय उसवतं? मग काय? — तोंडात पुटपुटू नकोस, मशीन बंद केलंय मी, बोल मोठ्यानं.

रोज तूच पडायचं का, म्हणतेस.

मग? पडतेस म्हणून तर शिकतेस! किती सुंदर पडतेस तू, हनुवटी छातीला, हात गादीवर फाटकन आपटून — सर पोरींना दाखवतात, बघा, मावशी कशा पडतात. मी तुला पाडते म्हणून तर... हो, तुझीही पाळी येते. येते ना? मी उभी राहते ना तुझ्यासमोर? आता तुझ्यात जोर नाही त्याला मी काय... हो, बाही घट्ट धरते मी. हो, पाय रोवते. खांबासारखी म्हणालीस ना गेल्या आठवड्यात सरांजवळ? ऐकलं मी. मागेच उभी होते, बहिरी नाही.

आणि सर काय म्हणाले ते तू गेल्यावर म्हणाले. माझ्या धाकट्याच्या वयाचा पोरगा, पण काय कमी टोचतो? म्हणाला, मावशी, तुम्हाला पाडता येतं, पडता येत नाही. रविवारी तुमची पाळी झाली की तिची, आणि तुम्ही अशाच ताठ राहिलात तर नापास ती होईल, तुम्ही नाही. ती बिचारी ताकद कमी म्हणून रडतेय, आणि इथे ताकदीचा संबंधच नाही. असं म्हणाला. मी म्हटलं, तुझी शिकवणी तुझ्याजवळ ठेव. आणि घरी येऊन जेवले नाही.

पाणी पितेस का? मी पिते.

घाबरते गं मी. झालं समाधान? पाडायला नाही, पाडायला मी सगळ्या गल्लीला पाडीन. पडायला. मागच्या वर्षी या स्टुलावरून पडले, वरच्या फळीवरचं कापड काढताना. दुकानात कोणी नाही. कमरेतून हलताच येईना. पडल्या पडल्या छताकडे बघत बसले — ते बघ, तो डाग, पाठ झालाय मला. बऱ्याच वेळानं एक बाई आली, वाकून बघितलं, आणि काय म्हणाली? साडीला फॉल लावून झाला का! मी तशीच जमिनीवरून म्हटलं, उद्या या. तेव्हाच ठरवलं, पडायचं नाही. आणि गेले कुठे? जिथे पडायलाच शिकवतात तिथे! तिथेही ताठच. घरात सगळ्यांना सांगते, काय शिस्त बाई माझी, एक दिवस चुकवत नाही. चुकवत नाही, खरंय. फक्त शिकायचं तेवढं टाळते.

तू आली नाहीस परवा, तर पहिल्यांदाच मी दारातून परत आले. दुसरी जोडीदार देतो म्हणाले सर. नको म्हटलं. दुसरीसमोर कोण पडणार? मेले तरी नाही.

रविवारी ये असं नाही म्हणत मी. तुझं तू बघ. ड्रेस नको तर पिशवीसकट घेऊन जा, मी कापणार नाही, एवढंच. पण जायच्या आधी दार लोटून घे. लोट म्हणते ना. ह्या रजया दुरुस्तीला आल्यात, पसर खाली — अजून एक टाक, कंजुषी करू नकोस, माझी कंबर आहे. हां. आता धर माझी कॉलर. गाऊनची गं, आत ड्रेस आहे, दोन्ही धर. पाड मला.

घाबरतेस काय? बाही नाही धरत मी. हे बघ, हात सोडले. अंगही सोडलंय. — सोडलंय म्हणते ना, माझं अंग सोडलं की असंच दिसतं! थांब. एक मिनिट. हनुवटी छातीला. हात आपटायचा. कुठला हात? उजवा. नाही, डावा. बरं, दोन्ही आपटीन. आणि मी बोलत राहिले तर चालेल ना, बोललं की तेवढी भीती — काय? गप्प बसू? मी? बरं बाई, बसते गप्प, पण आधी एक सांग, पडताना तू डोळे मिटतेस की उघडे ठे—