सात नंबरचं न्हाणीघर

‘बाहेरून सगळी घरं सारखी दिसली पाहिजेत, का ते विचारायचं नाही’ — पाठ आहे मला, सुरेशकाका. नऊ वर्षांची होते, दारात रांगोळी काढली, तर तुम्हीच ती चपलेनं पुसलीत. म्हणालात, परक्या देशात आहोत, घर फार्मच्या कंपनीचं, कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. खलास! अरबांच्या मुलखातल्या या धैदच्या वाळूत आठ घरं, आठही मातकट. — थांबा, पेन नका पुढे करू, कंपनीला पाठवायची ही तक्रार आधी वाचू तर द्या. बाबा, तुम्हीही बसा.

‘सात नंबरच्या जपानी कुटुंबाने मागील बाजूस संशयास्पद बांधकाम केले आहे.’ संशयास्पद! का, तर धूर येतो, दारातली जमीन खोदलीय, म्हणजे काहीतरी पुरलं असणार — हे तुमचं ना, प्रमिलाकाकू? अहो, न्हाणीघर आहे ते. इवासे आजोबा दिवसभर ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटो बांधतात, संध्याकाळी खजुराच्या वाळक्या झावळ्यांवर पाणी तापवतात आणि लाकडी टबात गळ्यापर्यंत बसतात. त्यांच्या गावी असंच असतं. आणि दारात जमीन खाली, कारण चपला तिथे राहतात, पायरी चढलं की घर. पुरलंय काय त्यात? मी आत गेलेय ना — हो, गेलेय. टबात बसलेयसुद्धा! बघा, बाबांचा चेहरा बघा.

म्हणे, तू आर्किटेक्ट, तुझ्या सहीला वजन. वजन कशासाठी, तेही कळतंय. न्हाणीघर पाडतील, इवासेंचं घर जाईल, आणि मग सात नंबर कुणाला? तुमचा सुजीतदादा पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन येतोय ना? — नाही, नुसतं विचारतेय. चिडू नका. नियमच लावायचा ना, मग यल्ला, चला, तुमच्या स्टोअररूमपासून लावू. पूर्वेची भिंत फोडून खिडकी कुणी काढली? तिथे मांडलेल्या देवांवर सकाळचं ऊन यावं म्हणून! बारावीत होते मी, मलाच टेप धरायला लावलीत, वर म्हणालात, कुणाला सांगू नकोस. नाही सांगितलं, आजपर्यंत. तुमची ती खिडकी श्रद्धा, आणि त्यांचा टब संशयास्पद?

मी सही करणार नाही. हा घ्या कागद. पाठवायचाच असेल तर खाली एक ओळ वाढवा — न्हाणीघराचा नकाशा आभाने काढला. हो, मीच. पायरीची उंचीसुद्धा माझी. बाबांची नोकरी जाईल म्हणता? मग लिहा तसं. पण लिहिताना तुमच्या खिडकीचंही लिहा.

काय झालं? काका, ते पेन खिशात का ठेवलंत?

बरं. निघते मी. सात नंबरला पाणी तापलं असेल.