मोतद्दाराचा मुलगा

नाही बोललास तरी चालेल, नुसतं ऐक — आणि खेचर जरा सावकाश घे, आस्नार, या उताराला दगड सुटे आहेत. कैदेतून सुटल्यापासून माझ्याकडे पाहिलेलं नाहीस तू. कसा पाहशील? वेशीवर लोक काय ओरडले ते मीही ऐकलं. मोतद्दाराचा पोरगा चालला, म्हणाले. म्हणू देत. मीच शिकवलं ना त्यांना — चर्चमध्ये, संतांच्या अस्थींवर हात ठेवून, बिशपांसमोर, सगळ्या सरदारांसमोर सांगितलं की हा मुलगा माझ्या नवऱ्याचा नाही, आमच्या पागेतल्या ओचोआचा आहे.

तुला वाटत असेल, वेलास्कोने मला दरडावलं. छे, फार गोड बोलला. नदीवर तुला पकडलं आणि लगेच माझ्याकडे आला, स्वतः खुर्ची पुढे केली. म्हणाला, ‘वहिनी, राजे निपुत्रिक गेले. त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा धडधाकट असताना माझ्यासारख्या मेव्हण्याला गादीवर कोण बसू देईल? आंधळ्याला मात्र कुणी राजा करत नाही. तुमच्या नवऱ्याच्या, फोर्तुनच्या मुलाला मी डोळ्यांनिशी सोडू शकत नाही. मोतद्दाराचा मुलगा असेल तर काय — जाईना कुठंही.’ एवढंच बोलला, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

मी विचार केला का? नाही केला. तीच तर लाज वाटते — जरा तरी अडखळायला हवं होतं मी. तुझ्या वडिलांची कबर तिथंच, माझ्या पायाशी. गादी गेली ती गेलीच, पण त्यांचा किल्ला, ती कुरणं, पाणचक्की, जे खरोखर तुझं होतं तेही गेलं — लेकावळ्याला कसला आलाय वारसा? आणि मी आपली घडाघडा बोलत होते, जणू वर्षानुवर्षं तेच घोकत होते.

ओचोआचं नाव का घेतलं? अरे, मला वाटलं तो पळून जाईल. आधीच निरोप धाडला होता मी, सरहद्दीपलीकडे जा म्हणून. नाही गेला. बिशपांनी विचारलं, ‘ही बाई म्हणते ते खरं?’ तर उठला, टोपी काढली, म्हणाला, ‘खरं आहे.’ त्याची बायको, मेंसिया, खांबाशी उभी होती, पोरी जवळ. तिने धाकटीच्या कानांवर हात ठेवले. नंतर चौकात त्याला फटके मारले, तेव्हा मी — मी खिडकी लावून घेतली.

काय म्हणालास? खरं आहे का? तूसुद्धा विचारतोस, आईला? अरे, मी घोड्यावर चढायची तेव्हा तो माणूस मान वर करायचा नाही. तुझे डोळे वाचावेत म्हणून बोलला तो, मीही त्यासाठीच बोलले. खोटी शपथ होती. तू तुझ्या वडिलांचाच आहेस, दुसऱ्या कुणाचा असणार?

असा काय बघतोस? — नको. आस्नार, खेचर वळवू नकोस. खिंडीपलीकडे तुझ्या मामाचं घर आहे, मेंढरं आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत ती माणसं. काय? ‘मग राजा मीच’? हळू बोल. कोण मानणार आहे तुला? मानतील, चार टाळकी मानतीलही, आणि वेलास्कोला तेवढं पुरे — या वेळी तो माझ्याकडे गोड बोलायला येणार नाही, सरळ सळई तापवेल. कसली बाई मी. भरल्या चर्चमध्ये खोटं बोलता आलं, आणि तुझं उतरलेलं तोंड खिंड येईपर्यंत सोसलं नाही.

थांब. माझ्याकडे बघ. आत्ता बोलले ते खोटं, चर्चमध्ये बोलले तेच खरं. ऐकलंस? ओचोआचाच मुलगा आहेस तू. मी आई आहे, मला ठाऊक नसणार? — हसतोस काय? हसू नकोस, आस्नार. तुझे वडील असेच हसायचे, अगदी —