काच शाबूत

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या इमारतीचे सर्वांत जुने रहिवासी डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे शेजारच्या नव्या इमारतीचे मालक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते इंजिनियरसाहेब, पुढच्या रांगेत बसलेल्या शिवणवाल्या मावशी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सर्व शेजारी, आपणा सगळ्यांना नमस्कार.

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. घड्याळ समोर ठेवलं आहे.

मला आपण सगळे फ्रेमवाला म्हणून ओळखता. तळमजल्यावर दुकान, शिक्षण आठवीपर्यंत. पुढचं जे काही येतं ते जुनी पुस्तकं वाचून आणि बोटं कापून घेऊन आलं. काच कापली की तिच्या चारही कडा मी घासतो, मग ती फ्रेमच्या आत लपणार असली तरी. हे बढाईसाठी सांगत नाही. म्हणजे थोडं त्यासाठीही, पण मुख्यतः पुढच्या हकिगतीला ते लागणार आहे.

शेजारी पायाचं खोदकाम सुरू झालं तेव्हा या इंजिनियरसाहेबांचं स्वागत आपण कसं केलं, आठवतंय? पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या हातात एकोणीस मुद्द्यांचं पत्र ठेवलं. जाळी फाटकी आहे. क्रेनचा हात आमच्या गच्चीवरून फिरतो. वरून पडलेला बोल्ट मावशींच्या वाळत घातलेल्या साडीत सापडला, वजन एकशे दहा ग्रॅम. साहेबांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "बोल्टचं वजन केलंत?" मी म्हणालो, "दोनदा." तिथून आमचं जमलं. जाळी चार दिवसांत बदलली, क्रेनही स्वतःच्या हद्दीत राहू लागली.

राहिली कुंपणाची भिंत. तिच्या पलीकडे खड्डा, अलीकडे आपला बोळ, आणि बोळात बाकावर मावशींचा शिवणवर्ग. मावशी आणि सहा मुली. भिंतीला तडा दिसला, तेव्हा तो वाढतोय का हे कळायला मी त्यावर काचेची पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना प्लास्टर लावून. भिंत हलली की काच तडकणार. साधी, जुनी रीत आहे. रोज सकाळी सात चाळीसला पाहणी आणि वहीत नोंद: काच शाबूत.

त्या वहीची ख्याती मी काय सांगू? कोणी बोळात बादली आपटली तरी तिच्यात नाव येई. लोक मला बघून पाय न वाजवता चालत. मला वाटे, शिस्त लागली.

तर एके दिवशी मावशींनी हाक मारली. "अरे फ्रेमवाल्या, हे बाक डुगडुगायला लागलंय. काहीतरी खुपस खाली."

बाकाखाली लाकडाची चकती सारायला मी गुडघ्यावर बसलो आणि पट्टी नाकासमोर आली. तिची कड घासलेली नव्हती.

"मावशी, ही काच माझी नाही."

"तुझीच आहे की. तुझ्याच टाकाऊ तुकड्यांच्या खोक्यातली, दुकानाबाहेरच्या."

"कोणी लावली?"

मावशींनी दोरा दाताने तोडला. मग म्हणाल्या, "मीच. झाडताना बघितलं तर तडकलेली. म्हटलं माझाच झाडू लागला असणार. तुझ्या त्या वहीत माझं नाव कशाला, या वयात? म्हणून दुसरी चिकटवली. बारा दिवस झाले."

मावशी आत्ता मान डोलावताहेत. ही गोष्ट सांगायची परवानगी मी घेतली आहे. त्यांची एकच अट होती, वय सांगायचं नाही.

मी साइटवर धावलो. फाटकात काँक्रीटच्या तीन गाड्या उभ्या होत्या, खाली खड्ड्यात एकोणीस कामगार, आणि साहेबांचे वरिष्ठ त्यांच्या बाजूला उभे. मी धापा टाकत सगळं सांगितलं. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "चिकटवली कशाने?"

मावशींच्या वर्गातल्या कापडी फुलांच्या गोंदाने. साहेब बोळात आले, त्यांनी त्या गोंदात नख रुतवलं. मऊ होता, रबरासारखा. भिंत सरकत होती, गोंद ताणत होता आणि काच मजेत होती.

"बोळ रिकामा करा. खड्डाही."

वरिष्ठ म्हणाले, "एका काचेपायी गाड्या परत पाठवायच्या?"

"काच ठीक आहे, सर," साहेब म्हणाले. "गोंदापायी."

दुसऱ्या दिवशी सव्वा अकराला चाळीस फूट भिंत खड्ड्यात गेली, बाकासकट. शिवणवर्ग तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या दिवाणखान्यात भरला होता आणि मावशी तिथल्या उजेडाला नावं ठेवत होत्या. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. नवी भिंत साहेबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली. मी ओळंबा लावून पाहिला आहे. निर्दोष.

आता शेवटचा मुद्दा. तो माझ्या वहीत नाही.

चौकशी झाली तेव्हा साहेबांनी ती वही मागितली. बारा नोंदी, सुवाच्य अक्षरात: काच शाबूत. त्यांनी विचारलं, "रोज जवळ जाऊन, वाकून बघत होतात?" मी म्हणालो, "हो."

साहेबांनी वही मिटून मला परत दिली. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसला ते उरलेली भिंत बघायला बोळात हजर. नव्या भिंतीवर पट्ट्या बसल्यावरही रोज हजर. चौदा महिने आम्ही दोघं शेजारी शेजारी वाकून बघत होतो. लोकांना वाटलं, साहेब माझ्याकडून शिकताहेत. मीही तो समज राहू दिला.

साहेब, मी बोळाच्या फाटकातूनच, लांबून बघत होतो. बाराही दिवस. हे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मला लाज वाटेल असं तुम्ही काहीही न करता मला वाकायला लावलंत.

सात मिनिटं होत आली. अध्यक्षांचे, मालकांचे आणि आपण शांतपणे ऐकलंत म्हणून आपणा सर्वांचे आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. आणि साहेब, बारा नोंदींबद्दल तुम्ही मला क्षमा करावी. वही आज तुम्हाला भेट देतो आहे. तिच्यात त्या बारा ओळी मी काल दुरुस्त केल्या आहेत.