केनेली ओढ्याचे मासे

सन्माननीय अध्यक्ष डेस हॉलोरन, व्यासपीठावरचे पाहुणे, आपले सत्कारमूर्ती मर्व्ह टॅपलिन आणि इनिसफेलच्या आपल्या मत्स्य मंडळातल्या बंधुभगिनींनो,

एकतीस वर्षं मर्व्हनी घरच्या टाक्यांत इंद्रधनुषी मासे वाढवले. जीव बोटाच्या पेराएवढा, पण त्याच्यापायी या माणसाने भर सभेत खुर्च्या फेकल्यात. "माझ्या टाकीत बोट घातलंस तर बोट ठेवणार नाही," हे यांचं स्वागत. हसताय? त्यांच्या हातात तेव्हा सुरी होती.

एका ओढ्याचा मासा दुसऱ्या ओढ्याच्या माशात मिसळायचा नाही, हा आपला धर्म. केनेली ओढा केळीच्या मळ्यांतल्या गाळाने बुजला. तिथले मासे जगात फक्त मर्व्हच्या एका टाकीत उरले.

अकरा वर्षांपूर्वी मर्व्ह पोटाच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा आठवडाभर टाक्या डेसनी आणि मी सांभाळल्या. चार महिन्यांनी केनेलीच्या पिल्लांच्या शेपटीला भलताच पिवळा काठ दिसला, म्हणजे दुसऱ्या ओढ्याचा मासा मिसळला होता. अस्सल म्हातारे मासे तोवर संपले होते.

मग याच सभागृहात मर्व्हनी डेसना गाठलं.

"दोघंच होतात. कॉलिन म्हणतो, त्याने काही केलं नाही." कॉलिन म्हणजे मीच.

"अरे, मी नुसतं खाणं घातलं."

तिसऱ्या ठोशाला जबडा मोडला. दोन दात मीच फरशीवरून वेचले. अध्यक्षांचे शब्द आजही जरा तिरके येतात, ते त्यामुळे. मी मागून डेसचे हात धरले होते. भांडण सोडवायला, असं सगळे म्हणाले. मी म्हणू दिलं.

घरी जाऊन मर्व्हनी दोनशे पिल्लं एकेक करून पायरीवर आपटली. रडत होते आणि आपटत होते. बादली मी धरली होती.

मर्व्ह, उद्या तू लेकीकडे टास्मानियाला चाललास, म्हणून बोलतो. ते माझं काम. अंडी घालायला आपण लोकरीचा झुबका सोडतो ना, तुझा कुजला होता. माझ्या टाकीतला ओलाच आणून टाकला. उकळायचा आळस केला. त्याला माझ्या माशांची अंडी चिकटलेली होती. आणि डेसचे हात धरले ते त्याने माझं नाव घ्यायच्या आत त्याचं तोंड फुटावं म्हणून.

बसा, मर्व्ह. डेस, तुम्हीही. तीनच वाक्यं राहिलीत.

मंडळाने बोलायची संधी दिली, आभारी आहे. या गोष्टीची क्षमा मागत नाही, तेवढा निर्लज्ज नाही. पाहुण्यांची नावं घ्यायची राहिली, तेवढं मात्र पोटात घाला.